विंडोज १० बंद, फॉन्टचं डोंगल मेलं; छपाईच्या धंद्याला आता काय घेऊ?

जुना_प्रिंटर

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमची छोटी छपाई आहे, डीटीपी आणि ऑफसेट, म्हणजे लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, बिलबुकं असली कामं. चार मशीनं आहेत, त्यातली तीन जुनी. चालतात अगदी झकास, पण विंडोज ११ घेत नाहीत, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसरही यादीत बसत नाही म्हणे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ते वाढीव सिक्युरिटी अपडेटचं एक वर्षाचं घेऊन ठेवलंय, पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मग काय, चालती मशीनं भंगारात घालायची?

त्यात दुसरं दुखणं. मराठी फॉन्टचं जे पॅकेज आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय (नाव घेत नाही, उगाच वाद नको) त्याचं यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, मेलं. फॉन्ट मशीनवर आहेत, जुन्या फायली उघडतात, पण टायपिंग बंद. कंपनीला फोन केला तर म्हणे जुन्या व्हर्जनचं डोंगल आता मिळत नाही, नवीन घ्या, आणि नवीन म्हणजे दरवर्षी पैसे. बरं जुनं काम त्यात उघडेल ना विचारलं तर "बहुतेक उघडेल". बहुतेक काय बहुतेक! सगळी गिऱ्हाइकं त्या फायलींवर आहेत, दरवर्षी तीच स्मरणिका, नावं तेवढी बदलायची.

मुलगा म्हणतो विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाका. सीए म्हणतो कशाला हात लावू नका. मला कोणाची बाजू घ्यायची नाही, पुढची काही वर्षं डोक्याला ताप होणार नाही असं काय घ्यावं एवढं सांगा.

घोडबंदर_ग्रस्त

क्रॅक टाका आणि मोकळे व्हा. अर्ध्या ठाण्याची छपाई कोरल आणि पेजमेकर या मांडणीच्या सॉफ्टवेअरांच्या क्रॅकवर चालते, कोण येतंय बघायला. मी आत्ता मानपाड्याला सिग्नलला उभा आहे, माझ्याकडे वेळच वेळ आहे, विचारा काय ते.

सेक्टर_सतरा

अहो असले सल्ले जाहीर देऊ नका. वाशीला सीएची प्रॅक्टिस आहे माझी. एका क्लायंटला, रबाळे एमआयडीसीतला छोटा कारखाना, एका सॉफ्टवेअर कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. तुमच्या इतक्या मशीनवर आमचं विनापरवाना चालतंय म्हणून, आणि ते खरंच होतं, एका पोराने टाकलं होतं, मालकाला पत्ताही नाही. कॉपीराइट कायद्यात ६३ब कलम आहे, विनापरवाना प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. शेवटी तडजोड झाली, पण तडजोडीत जे गेलं त्यात रीतसर लायसन्स घेऊन वर दिवाळी बोनस झाला असता.

काका, विंडोजवरच राहा. नवीन मशीन घ्या, घसारा मिळेल. जीएसटी, टीडीएस, डीएससीचा (डिजिटल सहीचा) टोकन, सगळं विंडोजवर मुकाट्याने चालतं.

कोपरीचा_कोडर

सीए साहेब, मुकाट्याने चालतं म्हणूनच तर दर वर्षी मुकाट्याने पैसे जातात 😄

काका, तुमचा मुलगा बरोबर सांगतोय. तुमचं मशीन जुनं झालेलं नाहीये, ते जुनं ठरवलंय. हार्डवेअर ठणठणीत आहे, यादी कोणी केली तर ज्याला नवीन विकायचं त्याने. तेच मशीन लिनक्सवर अजून आरामात चालेल. आणि ही काय कॉलेजच्या पोरांची हौस नाही, १९९१ ला टोरवाल्ड्सने सुरू केलेलं ते आज जगातल्या अगणित सर्व्हरवर आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टचे बाल्मर २००१ ला लिनक्सला कॅन्सर म्हणाले होते आणि त्याच कंपनीने २०१८ ला कोड ठेवायची साइट गिटहब साडेसात अब्ज डॉलरला घेतली. सगळे वळसा घालून इकडेच आले.

जुना_प्रिंटर

ते सगळं खरं असेल रे बाबा, पण गिटहबवर माझी लग्नपत्रिका छापून होत नाही.

ऐरोलीकर

काका, महाप्याला एका डेटा सेंटरमध्ये सिस्टिम ॲडमिन आहे, रोज हेच बघतो, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुम्ही विचारताय काय घेऊ. घेणं सोपं असतं हो, विकणारा दारातच उभा असतो. आधी हे बघायचं की उद्या ते सोडायचं झालं तर आपलं काम त्यातून बाहेर निघणार का, कुठल्या फॉरमॅटमध्ये निघणार आणि काढायला किती हात लागणार. आमच्या लायनीतलं जगजाहीर उदाहरण देतो. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक कॉम्प्युटर चालवणं, म्हटलं की व्हीएमवेअर, कित्येक वर्षं दुसरं नाव कोणी काढलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि डिसेंबरात कायमचं लायसन्स विकणंच बंद, यापुढे सबस्क्रिप्शन. यात बेकायदा काही नाही, त्यांचा माल, त्यांची मर्जी. पण नवी मुंबईच्या या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात त्यानंतर मी काय बघितलं ते महत्त्वाचं. ज्यांच्याकडे प्रॉक्समॉक्स किंवा नुसतं केव्हीएम असला उघडा पर्याय चालवणारा एखादा तरी माणूस होता ते बोलणी करायला ताठ बसले, आणि ज्यांच्याकडे नव्हता ते आकडा ऐकून सही करून आले. गंमत म्हणजे ताठ बसलेल्यांतले अर्धे शेवटी हललेच नाहीत, तिथेच राहिले, फक्त हलू शकत होते म्हणून भाव कमी लागला.

तेव्हा फुकट का विकत यावर मी फार डोकं लावत नाही. लिनक्सही आमच्याकडे फुकट नाहीये, त्याला माझा पगार आहे 🙂 विकतचं घ्या, हरकत नाही, पण बाहेरचा रस्ता बघून घ्या. तुमचा रस्ता त्या डोंगलवाल्याने बंद केलाय. विंडोज १० चं त्यापुढे किरकोळ आहे.

घोडबंदर_ग्रस्त

सबस्क्रिप्शन म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची खोली. अकरा महिने झाले की भाडं वाढणार आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

सेक्टर_सतरा

खोली सोडता तरी येते साहेब. हिशेबाचं सॉफ्टवेअर सोडून बघा. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, मग मधेच सॉफ्टवेअर बदललं तर जुनं नुसतं बघायला म्हणून चालू ठेवा. म्हणजे ऐरोलीकर म्हणतात ते मला पटतंय, पण माझा मुद्दा उलट आहे. बाहेर पडणं इतकं महाग आहे म्हणूनच मी म्हणतो उगाच बाहेर पडू नका. लिनक्ससारखा कोड सगळ्यांना उघडा ठेवणाऱ्या ओपन सोर्सवाल्यांचं काय, हौसेने करतात, उद्या हौस संपली की धंदा रस्त्यावर कोणाचा, माझ्या क्लायंटचा. फोन कोणाला करायचा?

कोपरीचा_कोडर

डोंगलवाल्याला फोन केलाच की काकांनी. काय मिळालं? "बहुतेक".

सीए साहेब, हौस संपली किंवा मालक बदलला तर काय होतं याची ढिगाने उदाहरणं आहेत आणि ती तुमच्या भीतीच्या बरोबर उलटी जातात. ओरॅकलने जानेवारी २०१० मध्ये सन कंपनी घेतली, तिच्यासोबत ओपनऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं उघड्या कोडचं सॉफ्टवेअर आलं. लोकांना भरवसा वाटेना. सप्टेंबरात त्याच कोडवरून लिब्रेऑफिस सुरू झालं आणि आज लोक तेच वापरतात, फायली त्याच, बटणं तीच. सेंटओएस ८ या लिनक्सचं घ्या, २०२९ पर्यंत चालणार म्हणून ज्याच्यावर सर्व्हर उभे केले त्याची मुदत डिसेंबर २०२० मध्ये कापून २०२१ अखेर केली, तर अल्मा आणि रॉकी असे दोन पर्याय उभे राहिले. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ ला लायसन्स कडक केलं, महिना उलटायच्या आत त्याच कोडवरून लिनक्स फाउंडेशनकडे व्हॅल्की सुरू झालं, आणि मे २०२५ ला रेडिसने परत एजीपीएल या उघड्या लायसन्सखाली दार उघडलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये मालकाने भाव वाढवला तर तुम्ही चरफडता, इथे त्याच कोडवरून दुसरा दुकान टाकू शकतो, म्हणून मालक वाढवताना दहादा विचार करतो. याला मी स्पर्धा म्हणतो.

सेक्टर_सतरा

ते दुसरं दुकान टाकलं कोणी पण? व्हॅल्कीच्या मागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल. म्हणजे तुम्ही आधी ज्यांना शिव्या देत होतात तेच. लहान कंपनीने कोड लिहिला, मोठ्यांनी आपल्या क्लाउडवर विकून पैसे केले, लहानाने हात आखडता घेतला तर मोठ्यांनी कोडच उचलला. यात स्पर्धा कुठे आणि दादागिरी कुठे हे जरा उलगडून सांगा की.

ऐरोलीकर

हा मात्र खरा मुद्दा आहे, कोडर याला झटकू नकोस. रेडिस, इलॅस्टिक, मोंगो असल्या सगळ्या कंपन्यांची रड हीच होती की आम्ही बनवायचं आणि क्लाउडवाल्यांनी विकायचं. ती रड खोटी नाही. मला एवढंच वाटतं की त्यांनी आधी उघडा कोड म्हणून लोक गोळा केले, बाहेरच्यांचे पॅच घेतले, आणि बाजार हातात आल्यावर नियम बदलले. पहिल्या दिवसापासून बंद ठेवून विकलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं, पण मग कोणी घेतलंही नसतं.

आणि हौसेचं म्हणाल तर तेही खोटं नाही. मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवतंय ना? फायली दाबून लहान करायची एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो कोडचा तुकडा, सांभाळणारा जवळजवळ एकटा माणूस, तोही थकलेला. "जिया टॅन" नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून मदत करत करत आत शिरला आणि मागचं दार बसवलं. सापडलं कसं तर पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला सर्व्हरला लांबून जोडणाऱ्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावायचा होता म्हणून. अर्धा सेकंद! आमच्याकडे कोणी म्हणालं असतं नेटवर्क स्लो आहे, चहा पिऊन ये. कोड उघडा होता म्हणून तो खणत जाऊ शकला हे खरंच, पण कोड उघडा असूनही त्या थकलेल्या माणसाला कोणी दमडी दिली नव्हती हेही तितकंच खरं. सगळं जग ज्याच्यावर उभं आहे त्याला पैसे कोण देतं तर कोणी नाही. आपल्याकडे झेरोधाने २०२४ ला दर वर्षी दहा लाख डॉलरचा फंड काढला या कामासाठी, चांगलं केलं, पण इथे महाप्याला ज्या इमारती उभ्या आहेत त्यातल्या किती कंपन्या असं काही करतात विचारलं तर सगळे छताकडे बघतात. आमचीसुद्धा.

कळवेकरीण

मी शाळेत शिक्षिका, तुमच्या या कंपन्यांच्या लढाया मला अर्ध्याच कळतात पण एक सांगते. केरळात सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षं लिनक्सच शिकवतात आणि ती पोरं काही मागे पडलेली नाहीत. आमच्या शाळेत मात्र "मुलांना बाजारात जे चालतं तेच शिकवा" म्हणतात. मग बाजारात तेच चालतं कारण शाळेत तेच शिकवतात, आणि शाळेत तेच शिकवतात कारण बाजारात तेच चालतं. बसा फिरत.

कोपरीचा_कोडर

ताई एकदम बरोबर. यालाच तर मक्तेदारी म्हणतात. आणि ही आपल्या कॉम्पिटिशन कमिशननेही मान्य केलेली गोष्ट आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडवरून १३३७.७६ कोटींचा दंड, त्याच महिन्यात प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून आणखी ९३६.४४ कोटी.

सेक्टर_सतरा

अर्धवट नको, पूर्ण सांगा. दुसरा दंड अपिलात मार्च २०२५ ला २१६.६९ कोटींवर आला. पहिल्यात दंड कायम राहिला पण काही निर्देश एनसीएलएटी या अपील न्यायाधिकरणाने काढून टाकले. आणि मुळात अँड्रॉइड तर ओपन सोर्स आहे ना? मग उघड्या कोडमध्ये मक्तेदारी झालीच कशी? तुमच्याच तर्काने होऊ नये.

ऐरोलीकर

साहेब, वकिली करायला हवी होती तुम्ही.

पण याचं उत्तर त्याच निकालात आहे. कोड उघडा होता, करार बंद होते. प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलची ॲप्सची सगळी थाळी घ्यायची, आणि त्याच कोडवरून दुसऱ्या कोणी बनवलेलं अँड्रॉइड आपल्या कुठल्याच फोनवर विकायचं नाही, असं फोन बनवणाऱ्यांकडून लिहून घेतलेलं. म्हणजे कोडर म्हणतो ती दुसरं दुकान टाकायची मुभा कागदावर आहे आणि टाकलं तर माल मिळणार नाही. आयोगाने नेमकं यावर बोट ठेवलं. त्यानंतर जानेवारी २०२३ ला गूगलने भारतापुरतं जाहीर केलं की कंपन्यांना ॲप सुटी घेता येतील आणि गिऱ्हाइकाला सर्च इंजिन निवडता येईल. म्हणून मी लायसन्सचं नाव वाचून खूश होत नाही, कोण कोणाला काय लिहून देतंय ते बघतो.

घोडबंदर_ग्रस्त

हे सगळं अमेरिकन आहे म्हणून ही रड. जुलै २०२५ ला नायरा एनर्जीचं काय झालं बघितलं ना, रिफायनरी गुजरातेत, निर्बंध युरोपचे, आणि मायक्रोसॉफ्टने ईमेल आणि टीम्स बंद केलं. दिल्ली हायकोर्टात गेले तेव्हा चालू झालं. पैसे भरलेले होते हो! म्हणून म्हणतो झोहो घ्या, देशी आहे, सरकारने पण घेतलंय. विषय संपला.

(सिग्नल सुटला नाहीये अजून.)

ऐरोलीकर

नायराचं उदाहरण चपखल आहे. झोहोबद्दल माझं काही वाईट मत नाही, काम चांगलं आहे त्यांचं. पण सोर्स त्यांचाही बंदच, सर्व्हरही त्यांचेच. दिल्लीतलं कोर्ट लागू होतं हा फायदा आहे, मोठा आहे, पण बाहेर पडायचा प्रश्न तिथेही तसाच विचारायचा. सगळा मेल, सगळी कागदपत्रं एका झटक्यात काढून दुसरीकडे उघडून बघा, पहिल्याच महिन्यात, अडचण नसताना. अडचण आल्यावर कोणी बघत नाही. देशीच हवं तर हिशेबासाठी ईआरपीनेक्स्ट बघा, मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीचं आहे, कोडही जीपीएल लायसन्सखाली उघडा. फक्त चार मशीनच्या छपाईला ते जरा अंगापेक्षा बोंगा मोठा होईल.

जुना_प्रिंटर

मंडळी, चर्चा वाचून करमणूक होतेय पण माझं काय ते सांगा ना. डोंगलवाल्या फायलींचं. ऐरोलीकर म्हणतात बाहेरचा रस्ता बघा, तो आहे का? काल मुलाने एक फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली. पेजमेकरची फाइल उघडली हेच मला आश्चर्य, पण मजकूर सगळा इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर. घरच्या गणपतीचं निमंत्रण वाटण्याऐवजी शिव्या वाटत होत्या.

कोपरीचा_कोडर

काका शिव्या नाहीत, तो तुमचाच मजकूर आहे, अक्षर न अक्षर शाबूत. आता हे मी सविस्तर लिहितो कारण याच्यात मला खरोखर रस आहे.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये फाइलीत मराठी नसतंच. फाइलीत इंग्रजी की असतात आणि फॉन्ट त्या जागी देवनागरीचे तुकडे रंगवतो. कृतिदेवचं उदाहरण घेतो, कारण त्याचा नकाशा जगजाहीर आहे. "विद्यार्थी" हा शब्द फाइलीत असा असतो: लहान एफ, लहान ओ, उभी रेघ, लहान के, मोठा एफ, लहान के, लहान एच, मोठा झेड. आता बघा, पहिला एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ती व च्या आधी, कारण कागदावर ती आधी दिसते. उभी रेघ म्हणजे अख्खा द्य. के म्हणजे काना. मोठा एफ म्हणजे अर्धा थ, त्याला के चा काना लावला की पूर्ण थ. मग दीर्घ वेलांटी, आणि रफार सगळ्यात शेवटी, कारण हाताने लिहिताना आपण तो शेवटी देतो. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या मानकात क्रम उच्चाराचा, म्हणजे वेलांटी व च्या नंतर, आणि रफाराचा र थ च्या आधी. तेव्हा नुसतं या अक्षराच्या जागी ते अक्षर असं करून चालत नाही, वेलांटी एक अक्षर पुढे ढकलायची, जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांडून, आणि रफार वेलांटीवरून उडी मारून मागे आणायचा. हे प्रोग्रामने होतं. छोटा प्रोग्राम आहे, दोनेकशे ओळी.

गोची एकच. प्रत्येक फॉन्ट कंपनीचा नकाशा वेगळा. आणि हे अजाणता झालं म्हणावं तर आयएससीआयआय हे भारतीय लिप्यांचं मानक १९९१ ला होतंच, युनिकोडमध्ये देवनागरीही त्याच वर्षी आली, विंडोज २००० पासून ती दिसायलाही लागली. तरी पुढे कितीतरी वर्षं छपाईचा सगळा बाजार आपापल्या नकाशावरच चालला, कारण नकाशा वेगळा म्हणजे गिऱ्हाईक आपलं. एका फॉन्टमध्ये टाइप केलं की ते दुसऱ्या फॉन्टमध्ये कचरा. तुमच्या डोंगलने फक्त टायपिंग अडवलंय, पण मजकूर त्या नकाशाने कधीचाच अडवलेला होता.

कळवेकरीण

अगं बाई, म्हणून आमच्या शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका घरच्या लॅपटॉपवर उघडत नाहीत होय!

जुना_प्रिंटर

हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. बरं, मजकूर निघाला असं धरू. पण युनिकोडमध्ये छापायचं म्हणजे तेच ते एकसुरी फॉन्ट, सरकारी नोटीस वाटते. आणि ल आणि श हिंदीतले येतात. लग्नपत्रिकेवर असला ल गिऱ्हाईक चालवून घेत नाही, मुलीच्या आजोबांनी तर प्रुफावर लाल गोल केला होता.

ऐरोलीकर

आजोबांना नमस्कार 🙏 मराठी ल श चांगल्या फॉन्टमध्ये असतात, मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडली की आपोआप येतात, बहुतेक लोक तेवढंच करत नाहीत. एक टाइपचे मुक्ता आणि बलू बघा, मुंबईतच बनलेत, लायसन्स उघडं, छपाईला, जाहिरातीला, कशालाही वापरा. पत्रिकेच्या वळणदार अक्षरांत मात्र अजून निवड कमी आहे हे मान्य, तिथे विकतचे युनिकोड फॉन्ट घ्या की, एकदा पैसे द्या. फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो, मुख्य फरक तो.

पानांच्या मांडणीला स्क्रायबस हे फुकटचं सॉफ्टवेअर. पण १.६ किंवा त्यापुढचंच घ्या, जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं तुटायची, त्यावरून लोकांनी नाव टाकलंय. सीएमवायके (छपाईचे चार रंग) आहे, ब्लीड (कापायची जादा कड) आहे, पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) निघते, तुमच्या सीटीपीवाल्याला प्लेट काढायला तेवढंच लागतं. शिकायला त्रास होईल, खोटं सांगणार नाही. पेजमेकरचा हात बसलेल्या माणसाला पहिले काही दिवस चिडचिड होणारच.

सेक्टर_सतरा

काका, मग असं करा. चौथं नवीन मशीन विंडोज ११ वर, त्यावर हिशेब, जीएसटी, डीएससी. त्याला या मंडळींना हात लावू देऊ नका. बाकी तिघांवर करा काय प्रयोग करायचे ते. माझा विरोध मागे, पण मार्चनंतर.

जुना_प्रिंटर

असंच करतो. दोन जुनी मशीनं लिनक्सवर, एकावर मुलगा टायपिंग आणि स्क्रायबस बघेल. तिसऱ्यावर विंडोज १० तसंच, पण इंटरनेटची वायर काढून, जुन्या फायली काढायला आणि फॉन्ट बघायला. डोंगलवाल्याला पैसे देत नाही. सगळ्या फायली बदलत बसणार नाही, दरवर्षी परत येतात त्या स्मरणिका आणि अहवाल आधी, बाकीचं गिऱ्हाईक आलं की.

बायको म्हणतेय बदललेल्या मजकुराचं प्रूफ कोण वाचणार, मंडळाच्या स्मरणिकेत वर्गणीदाराचं आडनाव चुकलं तर मारामारी होते.

कळवेकरीण

मी वाचते. मे महिन्यात मोकळी आहे. फुकट नाही हं, पानामागे पैसे घेईन, आधीच सांगते.

कोपरीचा_कोडर

काका, फॉन्टची फाइल मला पाठवू नका, ती त्यांच्या लायसन्समध्ये अडकेल. त्या फॉन्टमध्ये अ ते ज्ञ, सगळ्या मात्रा, अर्धी अक्षरं आणि आकडे कागदावर छापा, शेजारी कोणती की दाबल्यावर काय आलं ते लिहा. टायपिंग बंद आहे म्हणजे वर्डपॅडमध्ये तो फॉन्ट निवडून साध्या इंग्रजी की दाबायच्या, तेवढं डोंगलशिवाय होईल. नकाशा मी करतो आणि प्रोग्राम उघडा ठेवतो, म्हणजे दुसऱ्या छपाईवाल्यांना पण वापरता येईल. द्ध, द्य, ह्म, श्र आणि वाऱ्याचा तो अर्धा र विसरू नका, नेहमी तिथेच अडतं.

घोडबंदर_ग्रस्त

एक विचारू? ओळखीतल्या एकाला, मला नाही, कोरल लिनक्सवर चालवायचंय. चालतं का?

ऐरोलीकर

नाही. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनवर कसंबसं उघडेल, काम होणार नाही. कोरलची सीडीआर फाइल इंकस्केप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आकार नीट येतात, मजकूर सरकतो. गिऱ्हाइकांकडून सीडीआरच येत असेल तर विंडोजवर रीतसर कोरल ठेवा. ओळखीतल्या माणसाला सांगा सीए साहेबांचं ६३ब वालं पोस्ट वाचायला.